पहिलं गिऱ्हाईक

मी नागपूरच्या सदर भागातून बोलतेय. मी बचत गटांची समन्वयक आहे. मंगळवारी बाजाराच्या आसपासचे, गड्डीगोदामचे काही गट आणि काटोल रोडच्या बाजूची काही गावं माझ्याकडे आहेत. शिक्षण म्हणाल तर बीए. हातात कुठलंही काम नसलेली बीए, हे आधीच सांगून टाकते, कारण आजचा विषय हातातल्या कामाचाच आहे. वायरमन, प्लंबर, वेल्डर, गवंडी, मोटर दुरुस्ती, अशी जी कामं आपण वर्षानुवर्षं पुरुषांची म्हणून सोडून दिली, त्यात बाईनं शिरायचं कसं, यावर मला बोलायला सांगितलं आहे.

योजनांची यादी मी घेऊन आलेय. ती सांगणारच आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटांमधून मी 22 जणींना वेगवेगळ्या प्रशिक्षणांना पाठवलं. वरून लक्ष्य आलेलं असतं, तुम्हाला माहीत आहे. शिवण आणि पार्लरला बायका लगेच तयार झाल्या. पाच जणींना मी मागे लागून घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करायच्या कोर्सला घातलं. साधारण महिनाभराचा कोर्स. पंखा, मिक्सर, इस्त्री, कूलर, घरातली साधी वायरिंग. पाचही जणींनी तो पूर्ण केला. फोटो काढले, प्रमाणपत्रं वाटली, मी अहवालात लिहिलं, "पाच महिला प्रशिक्षित." शाबासकी मिळाली.

सहा-सात महिन्यांनी मी त्यातल्या एकीच्या घरी वेगळ्याच कामानं गेले. चहा टाकता टाकता ती म्हणाली, "ताई, आमचा मिक्सर बंद पडला, चौकात टाकला दुरुस्तीले." मी तिच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "अगं, तू तर शिकलीस ना?" ती हसली. कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं प्रमाणपत्र काढून दाखवलं. सोबत कोर्समध्ये मिळालेली अवजारांची पेटी. पक्कडीवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. म्हणाली, "घरचा मिक्सर खोलला आन् बिघडला त् नवरा म्हणन, आता नवीन आण. आन् बाहेरचं कोणी मले बोलावत नाही. बाईले इजेचं काय समजते, म्हणतात."

मग मी बाकीच्या चौघींकडे गेले. चारही ठिकाणी तेच. अहवालात प्रशिक्षित, घरी पेटी कपाटात. त्या दिवशी परत येताना मला स्वतःचीच लाज वाटली. शिकवण्यापर्यंत मी त्यांचा हात धरला आणि नेमकं जिथे पाय ठेवायचा तिथे सोडून दिला.

कारण बघा, मुलगा जेव्हा वायरमन होतो, तेव्हा तो कसा होतो? बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून काकाच्या नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीच्या मागे पेटी धरून फिरतो. दहा पंखे बिघडवतो. त्याला कुणी काही म्हणत नाही, "शिकतोय पोरगा" म्हणतात. त्याच्या हातून पहिली दहा कामं वाईट होतात, आणि ती वाईट होऊ देणारं कुणीतरी असतं. आपल्या बाईला ते पहिलं वाईट काम करायची जागाच मिळत नाही. तिनं थेट अकरावं काम चांगलं करून दाखवावं, अशी सगळ्यांची अपेक्षा.

फेब्रुवारीत गटाची मासिक बैठक होती. नागपुरात फेब्रुवारी संपता संपता काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माळ्यावरचे कूलर खाली येतात. बैठकीत बायका तेच बोलत होत्या. ताट्या बदलायच्या, पंप चालत नाही, मोटर नुसती गुणगुणते, मिस्त्री सापडत नाही, सापडला तर आज येतो म्हणून आठ दिवस येत नाही. मी सहज विचारलं, आपल्या बारा जणींच्या घरात मिळून कूलर किती? मोजले तर चौदा निघाले. मागच्या उन्हाळ्यात कुणी किती पैसे दिले तेही विचारलं. कुणी दोनशे, कुणी चारशे, एकीनं मोटर भरून घेतली म्हणून जास्त. आणि कोपऱ्यात आमची ती प्रशिक्षित ताई गप्प बसलेली, पदराशी चाळा करत.

त्या दिवशी आम्ही प्रोसिडिंग रजिस्टरमध्ये ठराव लिहिला. गटातल्या चौदाही कूलरचं यंदाचं काम ताईला द्यायचं. तपासणी, सफाई, ताट्या बदलणं, याचे ठरलेले पैसे द्यायचे, उधार नाही. सुटा भाग लागला तर त्याची किंमत वेगळी. आणि चौथा मुद्दा असा: तिच्या हातून काही बिघडलं, तर चौकातल्या मिस्त्रीचा खर्च गटाच्या निधीतून होईल, तिच्याकडून घ्यायचा नाही. या चौथ्या मुद्द्यावर अर्धा तास भांडण झालं, लपवत नाही. एक काकू म्हणाल्या, "आमच्या बचतीचा पैसा तिच्या शिकण्यात काहून घालावा?" दुसरी म्हणाली, "म्हशीले कर्ज देतो तवा म्हैस मरन का जगन, विचारतो का?" त्यावर सगळ्या हसल्या आणि ठराव झाला.

पहिला कूलर अध्यक्षबाईंचा. आम्ही पाच-सहा जणी बघायला जमलो, तेच चुकलं. बघायला माणसं जमली की हात थरथरतो. मोटर नुसती आवाज करत होती, फिरत नव्हती. तिनं कंडेन्सर बदलला, म्हणजे कपॅसिटर, आपल्याकडे मिस्त्री त्याला कंडेन्सरच म्हणतात. मोटर सुरू झाली. टाळ्या वाजल्या. आणि एक मिनिटानं लक्षात आलं, हवा खोलीत येण्याऐवजी मागे चालली आहे. पंखा उलटा फिरत होता!

अध्यक्षबाईंच्या सासूबाई हसून हसून खाली बसल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. पण तिनं प्लग काढला, आमच्याकडे पाठ केली आणि वही उघडली. कोर्समध्ये काढलेली आकृती तिनं शोधली. मोटरमधून तारा निघतात, त्यातल्या कोणत्या कंडेन्सरला जोडायच्या यावर फिरायची दिशा ठरते. जुना काढताना तिनं रंग टिपून ठेवले नव्हते. तासाभरानं पंखा सरळ फिरला. त्यानंतर काहीही खोलायच्या आधी ती मोबाईलवर फोटो काढते. हे तिला कोर्सनं शिकवलं असेलही, पण समजलं अध्यक्षबाईंच्या अंगणात.

चौदा कूलर झाले, तोवर गल्लीत बातमी गेली. गटाबाहेरच्या बाया विचारायला लागल्या. उन्हाळा संपेस्तोवर तिचे चाळीसच्या वर कूलर झाले. दोन कामं तिच्यानं झाली नाहीत, एकाची मोटर जळलेली होती, ती भरायला बाहेर द्यावी लागली. चौकातल्या मिस्त्रीचा खर्च गटाला एकदाच आला.

मला नंतर कळलं ते असं की कूलर हे बाईनं सुरुवात करायला फार चांगलं काम आहे. तो घरातच असतो. पाणी आपण भरतो, ताट्या आपण धुतो, त्याचा आवाज बदलला की पहिल्यांदा आपल्याला कळतं. आणि घरात एकटी बाई असताना दुपारी परका मिस्त्री आत घ्यायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. बाई आली तर तो प्रश्नच नाही. पाणी चढत नसेल तर बहुतेक वेळा पंपात आपल्या बोअरच्या खारट पाण्याचा चुना बसलेला असतो, साफ केला की चालतो. मोटर गुणगुणते पण फिरत नाही तर कंडेन्सर बघायचा, नाहीतर बुश जाम झालेलं असतं. नवीन मोटर लागते ती शेवटी. चौकात कधी कधी ती पहिल्यांदाच सांगतात, ही माझी आगाऊ टिप्पणी, सोडून द्या.

आता कूलरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट थांबून सांगते, कारण दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, आणि त्यात बायका आणि पोरं असतात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, वर जुनी वायर. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा. कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं, बटण बंद असतं आणि आत वीज असतेच. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची जाड, लांब पिन असते ती अर्थिंगची. ती तोडून दोन पिनांच्या बोर्डात प्लग खुपसायचा, हे आपल्या घराघरांत होतं. ते करू नका. कूलरला अर्थिंगची हिरवी तार जोडलेली आहे का आणि घरात खरंच अर्थिंग आहे का, हे तपासून घ्या. मुख्य बोर्डावर आरसीसीबी नावाचं यंत्र बसवता येतं. घरासाठी 30 मिलिॲम्पिअरचं बसवतात. वीज गळायला लागली की ते क्षणात पुरवठा तोडतं. आणि कुणी चिकटलंच, तर हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा. आमची ताई आता प्रत्येक घरी हे सांगूनच बाहेर पडते. चौकातला मिस्त्री हे कुणाला सांगताना मी ऐकलेला नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाचं महत्त्व मी काही नवीन सांगत नाहीये. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात हासूरसासगिरी नावाचं गाव आहे. तिथल्या शांताबाई यादव. नवरा अचानक गेला, पदरात चार लहान मुली, शेतमजुरीत भागेना. नवऱ्याचा धंदा केस कापायचा, दाढी करायचा. बाईनं पुरुषाच्या गालावर वस्तरा चालवायचा, हे चाळीस वर्षांपूर्वीच्या खेड्यात! गावातल्याच एका जाणत्या गृहस्थांनी त्यांना हे सुचवलं. आणि नुसतं सुचवून ते घरी गेले नाहीत, पहिले गिऱ्हाईक म्हणून स्वतः समोर बसले. गावानं नावं ठेवली, पण काम थांबलं नाही, आजूबाजूच्या गावांतही शांताबाई वस्तरा घेऊन फिरल्या, मुलींना वाढवलं, लग्नं केली. ही गोष्ट सांगताना सगळे शांताबाईंच्या हिमतीबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्या समोर बसलेल्या माणसाचाही विचार येतो. बाकीचे बघत असताना त्यानं गाल पुढे केला.

झारखंडमध्येही असंच झालं. स्वच्छ भारतची संडासं बांधायची होती आणि गावातले गवंडी कामासाठी परगावी गेलेले. मग गटातल्या बायकांनीच थापी हातात घेतली. राजमिस्त्री म्हणतात ना गवंड्याला, तसं यांना रानीमिस्त्री नाव पडलं. तिथंही पहिलं काम आपल्याच गावचं, आपल्याच गटाचं होतं.

आता शिकायचं कुठे, ते सांगते. कागद-पेन घ्या.

थोड्या दिवसांचं शिकायचं असेल तर जिल्ह्याजिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, आरसेटी म्हणतात. बँका चालवतात. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट. आपापल्या बँकेत किंवा उमेदच्या ताईंकडे चौकशी करा. शिवण, पार्लर सोडून तिथे मोटर वाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती, घरगुती उपकरणं असे कोर्स असतात, पण विचारल्याशिवाय बाईला कुणी ते सांगत नाही, हा माझा अनुभव. आणि प्रशिक्षण झाल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा, बँकेच्या कर्जासाठी मदत करायची, हे त्यांच्या कामातच आहे. ते हक्कानं मागा.

मुलगी असेल, नुकतीच दहावी झाली असेल, तर मात्र तिला महिन्याच्या कोर्सवर भागवू नका. आयटीआयला घाला. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट, वायरमन दोन वर्षांचे, वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे. दहावी नापास असेल तरी वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड मिळतात, हे पुष्कळ आयांना माहीत नसतं आणि पोरगी घरी बसते. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. नागपुरात मुलींची वेगळी सरकारी आयटीआयही आहे. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतो, जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्न, ही कागदं आधीच काढून ठेवा. दरवर्षी जूनमध्ये दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आया मला भेटतात आणि तारीख निघून गेलेली असते.

आयटीआय झाली की शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप. हा 1961 चा कायदा आहे. कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि त्याचं विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यांना महिन्याला कमीत कमी 7,000 रुपये ठरवले होते. त्याहून कमी कुणी देत असेल तर विचारा. हिंगणा, बुटीबोरी आपल्याला लांब नाही.

आणि वायरिंगचं स्वतंत्र काम करायचं असेल तर एक परवाना लागतो, तारतंत्रीचा. राज्याचं अनुज्ञापक मंडळ तो देतं. नवीन घराची वायरिंग परवाना असलेल्या ठेकेदारामार्फतच व्हायला हवी. आमच्या ताईकडे हा परवाना नाही, म्हणून ती उपकरणं दुरुस्त करते, घराच्या वायरिंगला हात लावत नाही. कुणी आग्रह केला तरी नाही म्हणते. हे नाही म्हणणंही कामाचाच भाग आहे.

पीएम विश्वकर्माबद्दल सगळ्याच विचारतात. 17 सप्टेंबर 2023 ला ही योजना सुरू झाली. 18 व्यवसाय आहेत. गवंडी, सुतार, न्हावी, कुंभार, कुलूपवाला, शिंपी आहेत. वायरमन, प्लंबर, वेल्डर त्यात नाहीत, तेव्हा कुणी त्या नावानं फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजानं पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं. नवऱ्यानं घेतलं असेल तर तुम्हाला मिळणार नाही. फॉर्म कुणाच्या नावानं जायचा, हे घरात बसून आधी ठरवा. बहुतेक घरांत ते न बोलताच ठरलेलं असतं.

आता जे योजनेच्या कागदात नसतं ते. काटोल रोडच्या एका गावातल्या आमच्या सभासदाची मुलगी, दहावीला चांगले मार्क, इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. आई तयार, बाप तयार. अडलं आजीपाशी. कॉलेजमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कार्यशाळेत ओढणी चालणार नाही, बांगड्या, अंगठी, गळ्यातलं काही घालायचं नाही, केस बांधायचे, पायात बूट. मुलीचं लग्न ठरलेलं नव्हतं, पण आजीला पुढचं दिसत होतं. "आज बांगड्या काढाले लावतात, उद्या मंगळसूत्र काढाले लावतीन. आन् रिकाम्या हाताची पोरगी कोण करन?"

मी समजावायला गेले. समानतेचं बोलले, सुरेखा यादवांचं बोलले. साताऱ्याच्या सुरेखा यादव, कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, 1989 मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाल्या. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मोठ्या लोकायचं झालं. आमच्या पोरीचं सांग."

तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही. उत्तर दिलं आमच्या कूलरवाल्या ताईनं. ती माझ्यासोबत आली होती. तिनं आपले हात आजीपुढे केले, हिरव्या बांगड्यांनी भरलेले. म्हणाली, "आजी, काच वीज धरत नाही, पण बांगडी अडकली त् हात निंघत नाही. आन् धातू वीज धरते. मी काम करतो तवा हे समदं काढून डब्यात ठेवतो, घरी आली का पुन्हा घालतो. भाकरी थापताना अंगठी काढत नाही का तुमी? तसंच." आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, डबा कोणता? ताईनं पेटीतला स्टीलचा छोटा डबा दाखवला. आजीला तो डबा पटला, माझं भाषण नाही.

पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं सुरळीत आहे असं नाही. तिच्या वर्गात मुली मोजक्याच. सकाळची बस चुकली की पुढचा तास जातो. आणि पुढे कारखान्यात जायची वेळ येईल, तेव्हासाठी मी आईला काही प्रश्न लिहून दिलेत. तुम्हीही लिहून घ्या. बायकांसाठी वेगळं संडास आहे का आणि ते कुलूप लावून तर ठेवत नाहीत? पाळी कोणकोणती, रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का? मापाचे सुरक्षेचे बूट मिळतात का, की पुरुषांचे मोठे बूट घालून शिडीवर चढायचं? आणि तक्रार समिती कुठे आहे. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ती असलीच पाहिजे. छोट्या जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे प्रश्न मुलाखतीत विचारायला लाज वाटत असेल तर आईनं, मामानं, गटाच्या ताईनं सोबत जाऊन विचारावं.

शेवटी पैशाचं. यावर मी मुद्दाम थांबते, कारण आमचं काम इथेच मोडता मोडता राहिलं.

कूलरचं काम जमायला लागलं तसे शेजारचे, नात्यातले यायला लागले. "जरा बघून दे ना, घरचीच तर आहेस." चहा पाजायचे, पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचे, पैशाचं नाव नाही. मे महिन्यात एका दुपारी ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, दिवसभर फिरते आन् संध्याकाळी हातात साठ रुपये. नवरा म्हणते, त्यापेक्षा घरी बैस." चौकातल्या मिस्त्रीला कुणी म्हणत नाही, घरचाच तर आहेस. बाईच्या हाताचं काम आपण स्वयंपाकासारखं समजतो, झालं की झालं.

मग आम्ही दरपत्रक केलं. पुठ्ठ्यावर लिहिलं, गटाचा शिक्का मारला आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. पेटी उघडली की समोरच दिसतं. बघायला जायचे किती, साफसफाईचे किती, कंडेन्सर बदलायची मजुरी किती. कुणी घासाघीस केली तर ती म्हणते, "दर माझा नाही, गटाचा आहे, मले बदलता येत नाही." तिला स्वतःसाठी भांडता येत नव्हतं, गटासाठी बरोबर भांडते. सख्ख्या नणंदेकडूनही तिनं पैसे घेतले. नणंद महिनाभर बोलत नव्हती. मग तिचा फ्रिजचा प्लग जळला, तेव्हा बोलली.

अवजारांसाठी फार पैसा लागत नाही. टेस्टर, पक्कड, पेचकसांचा सेट, मल्टिमीटर, टेप, सिरीज बल्ब, हे आमच्याकडे दीड-दोन हजारांत झालं. कोर्समध्ये मिळालेलं होतं ते वेगळं. गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलं आणि एका उन्हाळ्यात फिटलं. फक्त पक्कड आणि पेचकस चांगल्या मुठीचे घ्या, रस्त्यावरचे स्वस्त घेऊ नका, तिथे जीव आहे.

उरलेल्या चौघींपैकी दोघी आता तिच्यासोबत जातात. एकीनं सोडून दिलं, तिला दुकानात नोकरी लागली, तिला तेच बरं वाटतं. एकीच्या घरून अजून परवानगी नाही. पावसाळ्यात कूलर बंद, मग काय करायचं, हा प्रश्न आहेच. मिक्सर आणि इस्त्री वर्षभर येतात, पण कमी. आमच्या गटांकडे मिळून नऊ शिलाई मशिनी आहेत आणि त्या बिघडल्या की दुरुस्त करायला माणूस शोधत फिरावं लागतं. यंदा दोघींनी ते शिकायचं ठरवलं आहे. शिकवणारा मिस्त्री मिळालाय, म्हातारा आहे, म्हणतो, बाया असल्या तरी चालतील, पण सकाळी दहाला म्हणजे दहाला आलं पाहिजे.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी एखादी पेटी कपाटात पडून असेल. पुढच्या बैठकीत विषय काढा, आणि आपापल्या घरातला बंद पंखा, बंद मिक्सर मोजा. ठराव कसा लिहायचा ते हवं असेल तर या केंद्रावर चिठ्ठी द्या किंवा फोन करा, आमच्या ठरावाची आणि दरपत्रकाची झेरॉक्स मी पाठवीन. त्यातला चौथा मुद्दा तेवढा गाळू नका.